इंग्लंडांतील दवाखाना आणि फुकटचा संगणक

लहान दवाखान्यासाठीं संगणक घ्यावयाचा, तर कोणता घ्यावा, हा प्रश्न आज कोणालाहि किरकोळ वाटेल. दुकानांत जावें, चार यंत्रें पाहावीं, किंमत विचारावी आणि त्यांतलें एक आणून टेबलावर ठेवावें, एवढाच त्याचा विस्तार दिसतो. इंग्लंडमधील लहान दवाखान्यांना हा प्रश्न १९७० ते २००० या तीस वर्षांत सोडवावा लागला. त्याची हकीकत पाहिली म्हणजे असें दिसतें कीं, डॉक्टरांनीं यंत्रें पारखण्यांत जितकी बुद्धि खर्च केली, तितकी तें यंत्र देणाराला मोबदला काय द्यावयाचा हें पाहण्यांत केली नाहीं. आणि त्या हकीकतींतील जाणण्यासारखा भाग तोच आहे.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. ५ जुलै १९४८ रोजीं ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिच्यांत रहिवाशाचें नांव कोणा तरी एका सामान्य डॉक्टराच्या पटावर असतें. शाळेच्या पटावर मुलाचें असतें तसें. खोकला असो, गळूं असो कीं गुडघेदुखी असो, रोगी प्रथम याच डॉक्टराकडे जातो, आणि त्यानें चिठ्ठी दिली म्हणजे तज्ज्ञाकडे जातो. १९८० च्या सुमारास एका डॉक्टराच्या पटावर सरासरीनें २००० हून अधिक माणसें असत. दवाखाना मात्र सरकारी नव्हे. डॉक्टर हा सरकारचा नोकर नसून करारानें बांधलेला स्वतंत्र व्यावसायिक. जागेचें भाडें आणि लेखनिकांच्या पगाराचा बराच भाग सरकार भरून देई. परंतु नवें यंत्र घ्यावयाचें तर तें त्यानें आपल्या कमाईंतून घ्यावयाचें. कांहीं ठिकाणीं चार-पांच डॉक्टर भागीदारीनें दवाखाना चालवीत. उलट गिरण्यांच्या गांवांत, वेल्समधील कोळशाच्या खोऱ्यांत आणि मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत एकट्या डॉक्टरांचे दवाखाने पुष्कळ होते. त्यांपैकीं कित्येक भारतांतून गेलेल्या डॉक्टरांचे असत. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांचे पदवीधरहि त्यांत होते. भागीदार नाहीं, सल्ला विचारावयास शेजारीं कोणी नाहीं, अशा एकट्या माणसाला विक्रेत्याच्या गोड बोलण्याची पारख करणें किती कठीण जात असेल, याची कल्पना सहज येईल.

रोग्याची सारी हकीकत एका पाकिटांत असे. १९११ मध्यें डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनीं कामगारांच्या विम्याचा कायदा करविला; त्या व्यवस्थेंतून हें पाकीट निघालें आणि त्यांचेंच नांव त्याला कायमचें चिकटलें. लांबी सुमारें ७ इंच, रुंदी सुमारें ५ इंच. त्यांत डॉक्टराच्या हस्ताक्षरांतील कार्डें आणि रुग्णालयांतून आलेलीं पत्रें घड्या घालून कोंबलेलीं असत. डॉक्टरांचें अक्षर सर्व देशांत सारखेंच असल्यामुळें एकानें लिहिलेलें दुसऱ्यास लागेलच असा नेम नव्हता. रोगी गांव बदलून गेला कीं पाकीट त्याच्या मागून नव्या डॉक्टराकडे जाई. पाकीट आणि कार्डें ही कायद्यानें सरकारची मालमत्ता. पण त्यांवर लिहिलेलें गुपित रोग्याचें, आणि तें राखण्याची जबाबदारी डॉक्टराची. कागद एकाचा आणि त्यावरची गोष्ट दुसऱ्याची, हा भेद पुढें फार महत्त्वाचा ठरला. पाकिटाची दुसरी अडचण अशी कीं, आपल्या पटावर मधुमेही किती आहेत, एवढें साधें सांगावयाचें तरी डॉक्टराला २००० पाकिटें उघडून पाहावीं लागत.

या कामीं संगणक लावण्याचा आरंभ डेव्हन परगण्यांतील एक्झिटर येथें झाला. १९७० मध्यें डॉ. जॉन प्रीस यांनीं आपल्या तपासणीच्या खोलींत संगणकाचें टर्मिनल ठेविलें. खरा संगणक अगडबंब, तो दुसरीकडे. दवाखान्यांत केवळ पडदा आणि कळफलक, आणि दोहोंमध्यें तार. १९७५ च्या सुमारास त्या परिसरांत पाकिटें बाजूस सारून सर्व नोंदी पडद्यावर करण्यापर्यंत मजल गेली. प्रयोग खर्चिक होता आणि तो सरकारी प्रकल्पाच्या पैशावर चालला होता. लहान दवाखान्याला तो मार्ग मोकळा नव्हता.

१९७७ पासून टेबलावर मावतील असे संगणक बाजारांत आले, तेव्हां चित्र पालटलें. हौशी डॉक्टरांनीं ते विकत घेतले, रात्रीं जागून स्वतः आज्ञावल्या लिहिल्या आणि त्या मित्रांना वाटल्या. १९८० मध्यें सामान्य डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजनें या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. १९८२ हें वर्ष ब्रिटिश सरकारनें माहिती-तंत्रज्ञानाचें वर्ष म्हणून पाळलें. त्या विषयाचे मंत्री केनेथ बेकर हे होते. त्या वर्षीं उद्योगखात्यानें अशी योजना काढली कीं, निवडक १५० दवाखान्यांनीं संगणक घ्यावा आणि निम्मा खर्च सरकारनें सोसावा. योजना आरोग्यखात्यानें नव्हे तर उद्योगखात्यानें काढली, यावरून तिचा कल कोणीकडे होता तें कळतें. देशी संगणक-उद्योगाला गिऱ्हाईक मिळावें हा तिचा एक हेतु होता.

डॉक्टरांपुढें जे प्रश्न उभे राहिले, ते विक्रेत्यांच्या रंगीत पत्रकांत छापलेले नव्हते. यंत्र ठेवावें कोठें? बाहेर लेखनिकाच्या टेबलावर ठेवलें तर डॉक्टराला रोगी समोर असतां त्याचा उपयोग नाहीं. आंत ठेवलें तर डॉक्टर रोग्याच्या तोंडाकडे पाहणार कीं पडद्याकडे? ठिपक्याठिपक्यांनीं अक्षरें उमटविणारे त्या काळचे प्रिंटर असे करकरत कीं, एखादी बाई आपलें दुःख हळू आवाजांत सांगत असतां तो शेजारीं चालूं ठेवणें शक्य नव्हतें. मग जुन्या पाकिटांतील मजकूर यंत्रांत उतरवावा कोणी? लेखनिकाला औषधांचीं नांवें ठाऊक, पण रोगाचें सार काढणें तिचें काम नव्हे. डॉक्टराला तें येतें, पण त्याला वेळ नाहीं. शिवाय नोंदींची रोज एक नक्कल करून ती दवाखान्याबाहेर नेऊन ठेवणें आवश्यक होतें, कारण आग लागली किंवा चकती बिघडली तर सारा पटच नाहींसा व्हावयाचा. ही शिस्त ज्यांनीं पहिल्या दिवसापासून लावून घेतली, त्यांचें यंत्र साधें असलें तरी निभावलें.

आणि तरीहि डॉक्टर संगणकाकडे वळले. त्याचें कारण कोणत्याहि थोर वैद्यकीय कल्पनेंत सांपडत नाहीं. तें एका कंटाळवाण्या कामांत आहे. रक्तदाब, दमा, मधुमेह, संधिवात अशा चिरकालीन दुखण्याचे रोगी दर महिन्या-दोन महिन्यांनीं तेंच औषध पुन्हां मागतात. त्यांना प्रत्येक वेळीं तपासण्याचें कारण नसतें. लेखनिक जुन्या कार्डावरून चिठ्ठी हातानें उतरवून काढी आणि डॉक्टर दिवसाच्या शेवटीं चिठ्ठ्यांच्या ढिगावर सह्या करी. या उतरवण्यांत दहाचे शंभर होत, एका औषधाचें नांव दुसऱ्यासारखें लिहिलें जाई, आणि एखाद्याला वर्षानुवर्षें कोणी न तपासतां तेंच औषध मिळत राही. संगणकानें हें काम हातांत घेतलें. चिठ्ठी स्वच्छ छापून निघूं लागली, आणि ठरलेल्या संख्येनंतर ‘आतां डॉक्टरांना भेटा’ असें यंत्रच सांगूं लागलें. दवाखान्यांतील जें काम रोज आणि सर्वांत अधिक वेळां करावें लागतें, तेंच प्रथम यंत्राकडे द्यावें, हें शहाणपण ज्या विक्रेत्यांना कळलें त्यांचीं यंत्रें टिकलीं.

त्यांत एग्टनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. यॉर्कशायरच्या उत्तरेकडील उजाड माळरानावर, व्हिटबी या बंदराजवळ, हें लहानसें खेडें आहे. तेथील खेड्यांतल्या दवाखान्यांत डॉ. पीटर सॉवर्बी आणि डॉ. डेव्हिड स्टेबल्स यांनीं आपल्यापुरती आज्ञावली तयार केली. शेजारच्या डॉक्टरांनीं ती मागितली, त्यांच्या शेजाऱ्यांनींहि मागितली, आणि १९८७ मध्यें त्यांतून गांवाचेंच नांव धारण करणारी कंपनी निघाली: एग्टन मेडिकल इन्फर्मेशन सिस्टिम्स, संक्षेपानें ‘एमिस’. पुढें इंग्लंडमधील निम्म्याहून अधिक दवाखाने तिची आज्ञावली वापरूं लागले. ज्या माणसाला उद्यां सकाळीं त्याच टेबलाशीं बसून त्याच यंत्रावर काम करावयाचें आहे, त्यानें तें घडविलें, यांतच त्या यशाचा बराच भाग सामावला आहे.

याच काळांत लफबरो येथील डॉ. जेम्स रीड यांनीं रोगांना संकेतांक दिले. एका डॉक्टरानें ‘दमा’ लिहावें, दुसऱ्यानें ‘श्वास लागणें’, तिसऱ्यानें ‘छाती भरणें’, तर यंत्राला तीं तीन दुखणीं वाटणार. रीड यांनीं प्रत्येक निदानाला अक्षरें आणि आंकडे यांचा छोटा संकेत दिला. दम्याला ‘एच ३३’, मधुमेहाला ‘सी १०’. लहान यंत्राच्या तुटपुंज्या स्मरणांत मावावा म्हणून आरंभीं हा संकेत चारच चिन्हांचा होता. १९९० मध्यें सरकारनें ही पद्धति विकत घेतली आणि २०१८ पर्यंत ती इंग्लंडमधील दवाखान्यांत चालली. हा विषय रुक्ष खरा. पण ज्या दिवशीं एका दवाखान्याचा दमा आणि दुसऱ्याचा दमा एकाच खुणेनें लिहिला गेला, त्या दिवशीं सर्व दवाखान्यांचे रोगी एकत्र मोजतां येऊं लागले. आणि जें मोजतां येतें तें विकतांहि येतें.

१९८७ मध्यें ब्रिटनमधील सुमारें १० टक्के दवाखान्यांत संगणक होता. त्याच वर्षीं दोन कंपन्यांनीं डॉक्टरांना संगणक फुकट देऊं केला. एक व्हॅम्प, ती डॉ. ॲलन डीन या सामान्य डॉक्टरानेंच काढलेली. दुसरी मेडिटेल, ती औषधांचा घाऊक व्यापार करणाऱ्या ए. ए. एच्. कंपनीच्या छत्राखालची. हजारों पौंड किमतीची सामग्री, आज्ञावलीसुद्धां, दवाखान्यांत येऊन पडणार आणि डॉक्टरानें एक पैसाहि द्यावयाचा नाहीं. त्यानें करावयाचें तें इतकेंच: रोग, औषध आणि औषधामुळें झालेला अपाय यांची ठरलेल्या रीतीनें काटेकोर नोंद ठेवावी, आणि रोग्यांचीं नांवें गाळून ती माहिती नियमानें कंपनीकडे जाऊं द्यावी. ती माहिती औषधकंपन्या विकत घेतील आणि त्या पैशांतून यंत्रांची किंमत भरून निघेल, असा हिशेब होता.

फुकट तें पौष्टिक, अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्रज डॉक्टरांनाहि तसेंच वाटलें असल्यास नवल नाहीं. शेंकडों दवाखान्यांनीं करारावर सह्या केल्या.

या व्यवहाराला केवळ लोभ म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. १९६१ च्या अखेरीस थॅलिडोमाइड हें औषध ब्रिटनमध्यें बाजारांतून काढून घ्यावें लागलें. तोंवर तें गरोदरपणांत घेतलेल्या शेंकडों स्त्रियांचीं मुलें अपंग जन्मलीं होतीं. औषधाचा असा अपाय लवकर ध्यानांत यावा म्हणून १९६४ पासून डॉक्टरांनीं पिवळ्या कार्डावर लिहून तो सरकारला कळवावा अशी सोय झाली. परंतु कामाच्या घाईंत किती डॉक्टर कार्ड भरणार? उलट लाखों रोग्यांच्या नोंदी एका ठिकाणीं असत्या तर असा संबंध यंत्रानेंच दाखवून दिला असता. फुकटच्या संगणकाचे पुरस्कर्ते हा मुद्दा पुढें करीत आणि तो खोटा नव्हता.

विरोधकांचा मुद्दाहि तितकाच खरा होता. रोग्यानें आपलें दुखणें आपल्या डॉक्टराला सांगितलें. तें कोणा बाजारांत जाईल, याची त्याला वार्ताहि नव्हती. नांव गाळलें म्हणजे माणूस ओळखूं येत नाहीं, हें मोठ्या शहरांत खरें असेल. पण तीनशें वस्तीच्या खेड्यांत एखादा दुर्मिळ रोग एकालाच असला, तर वय आणि गांव एवढ्यावरून तो कोण हें सांगावयास ज्योतिषी लागत नाहीं. शिवाय डॉक्टर कोणतें औषध लिहितो यावर तें औषध विकणाराचीच नजर राहावी, हें वैद्याच्या स्वातंत्र्याला कितपत मानवेल? १९८४ चा माहिती-संरक्षणाचा कायदा होता, पण नांव गाळलेल्या नोंदीवर त्याचा अंमल फारसा चालत नव्हता. खुद्द रोग्याला विचारण्याची पद्धत त्या काळीं रूढ नव्हती, आणि ही त्या सर्व व्यवहारांतील मोठी उणीव होती.

व्यवहार फार काळ टिकला नाहीं. माहितीला अपेक्षेइतकी किंमत आली नाहीं, आणि १९९१ च्या सुमारास दोन्ही फुकटच्या योजना गुंडाळल्या गेल्या. डॉक्टरांपुढें पेंच पडला. चार वर्षांच्या नोंदी यंत्रांत. एका कंपनीच्या यंत्रांतील नोंदी दुसरीच्या यंत्रांत नेण्याची सोय जवळजवळ नाहीं. मग देखभालीचे पैसे भरून तेंच यंत्र ठेवावें, कीं सारें पुन्हां उतरवून काढावें? बहुतेकांनीं पैसे भरले. यंत्र फुकट घेतांना ज्यांनीं ‘हें सोडावयाचें झालें तर आमच्या नोंदी आम्हांला कोणत्या स्वरूपांत परत मिळतील?’ एवढा एक प्रश्न करारांत घातला असता, त्यांची ही ओढाताण कमी झाली असती.

त्यांतून एक चांगलें निघालें, हेंहि नमूद केलें पाहिजे. १९९३ मध्यें व्हॅम्प ही रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या हातीं गेली, आणि तिचें रोग-नोंदींचें भांडार १९९४ मध्यें आरोग्यखात्याला दान मिळालें. तेंच पुढें वाढत जाऊन २०१२ पासून ‘क्लिनिकल प्रॅक्टिस रिसर्च डेटालिंक’ या नांवानें ओळखलें जातें. गोवर, गालगुंड आणि जर्मन गोवर यांवरील एकत्रित लसीमुळें मुलांना ऑटिझम होतो, अशी भीति १९९८ पासून ब्रिटनमध्यें पसरली आणि आईबापांनीं लस टाळावयास सुरुवात केली. तेव्हां याच भांडारांतील नोंदी पाहून २००४ मध्यें लॅन्सेट या नियतकालिकांत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत दोष आढळलेलीं १२९४ मुलें आणि तुलनेसाठीं घेतलेलीं ४४६९ मुलें यांच्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या. लसीचा आणि त्या विकाराचा संबंध आढळला नाहीं. फुकटच्या यंत्रावर पाऊसपाण्याच्या दिवसांत एखाद्या कंटाळलेल्या डॉक्टरानें दाबलेल्या कळांचा असा उपयोग होईल, हें १९८७ मध्यें कोणाच्या स्वप्नांतहि नसेल.

फुकटच्या योजना बुडाल्या तरी संगणक मागें हटला नाहीं, कारण १९९० मध्यें सरकारनें डॉक्टरांचा करारच बदलला. पटावरील ठराविक मुलांना लस टोंचली तर अधिक पैसे मिळावयाचे: ७० टक्क्यांना एक रक्कम, ९० टक्क्यांना मोठी. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीस ५० आणि ८० टक्के असे टप्पे. आतां कोणाला लस राहिली आहे याची यादी रोज हवी, आणि ती पाकिटांतून कशी निघणार? सरकारनें संगणकाच्या खर्चाचा निम्म्यापर्यंत भाग भरून देण्याचेंहि ठरविलें. सहा वर्षांत, म्हणजे १९९६ मध्यें, ९६ टक्के दवाखान्यांत संगणक पोंचला होता. मेहनतीनें शिकविलेलें जें होत नाहीं, तें परीक्षेचे गुण ठेवले कीं होतें, हा अनुभव शाळांनाहि नवा नाहीं.

नांव गाळलेली माहिती विकणें हा विश्वासघात होय कीं नव्हे, याचा निकाल शेवटीं न्यायालयांत लागला. सोर्स इन्फर्मॅटिक्स नांवाच्या कंपनीला औषधविक्रेत्यांकडून, डॉक्टरांच्या संमतीनें, चिठ्ठ्यांवरील माहिती विकत घ्यावयाची होती. रोग्याचें नांव त्यांत यावयाचें नव्हतें. आरोग्यखात्यानें हरकत घेतली. खालच्या न्यायालयानें खात्याची बाजू उचलून धरली, पण डिसेंबर १९९९ मध्यें अपील-न्यायालयानें तो निकाल फिरविला: रोग्याची ओळख राखली असेल तर त्याच्या गुपिताचा भंग झाला असें म्हणतां येत नाहीं. कायद्याचा प्रश्न मिटला. लोकांच्या मनांतील मिटला नाहीं. २०१३ मध्यें सरकारनेंच सर्व दवाखान्यांच्या नोंदी एकत्र करण्याची ‘केअर डॉट डेटा’ योजना आणली, तेव्हां घरोघर टाकलेलीं माहितीपत्रकें जाहिरातींच्या कागदांत हरवून गेलीं, डॉक्टर आणि रोगी दोघेहि बिथरले, योजना फेब्रुवारी २०१४ मध्यें थांबली आणि जुलै २०१६ मध्यें मोडीत निघाली. तिच्यासारखीच दुसरी योजना २०२१ मध्यें पुढें ढकलावी लागली.

या सर्व धामधुमींत लॉइड जॉर्ज यांचें पाकीट मात्र जागचें हललें नाहीं. २००० च्या ऑक्टोबरपर्यंत डॉक्टरानें कागदी नोंद ठेवलीच पाहिजे असा नियम होता. त्यानंतर केवळ संगणकावर नोंद ठेवण्याची मुभा मिळाली. तरीहि रोगी दुसऱ्या गांवीं गेला, कीं संगणकांतील त्याची सर्व हकीकत कागदावर छापून, घड्या घालून, त्याच ७ इंची पाकिटांत भरली जाई, आणि नव्या गांवचा लेखनिक ती पाकिटांतून काढून आपल्या संगणकांत पुन्हां उतरवी. एका दवाखान्याच्या यंत्रांतून दुसऱ्याच्या यंत्रांत नोंद थेट पाठविण्याची सोय त्या दशकाच्या उत्तरार्धांत पसरूं लागली. नव्या रोग्यांसाठीं तसलीं पाकिटें देणें इंग्लंडमध्यें जानेवारी २०२१ पासून बंद झालें, आणि फळ्यांवर साठलेलीं जुनीं पाकिटें एकेक करून यंत्रांत उतरविण्याचें काम सुरू झालें.